कणसाजवळची पाने : मक्याच्या रोगांच्या अभ्यासाची प्रस्तावना

मक्याच्या दाण्यात जे पिष्ट भरते त्यातला मोठा वाटा कणसाजवळच्या पानाचा आणि त्याच्या वरच्या पानांचा असतो. तुरा बाहेर पडला, कणसाला केस सुटले की ताटाला नवे पान येत नाही. त्या दिवशी जी पाने हिरवी असतील तेवढ्यांच्याच बळावर पुढचे पाच-सात आठवडे दाणा भरायचा असतो. मक्याच्या पानांवरील रोगांचा आणि बुरशीनाशकांचा अभ्यास इथून सुरू करावा असे मला वाटते. बुरशीनाशकाने उत्पन्न वाढत नाही. जे उत्पन्न वाण, पाणी, खत आणि हवामान यांनी आधीच शक्य करून ठेवले आहे, ते हातचे जाऊ नये एवढेच ते करू शकते. पाने खरोखर धोक्यात असतील तरच फवारणीला अर्थ येतो. हा धोका ओळखायचा कसा, हा या विषयाचा गाभा आहे आणि त्यातली रसायने हा त्याचा एक भाग आहे.

ही प्रस्तावना लिहिताना माझ्यासमोर तीन-चार प्रकारचे वाचक आहेत. कृषी पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला वनस्पतिरोगशास्त्र पहिल्यांदा शिकणारे विद्यार्थी. गावोगाव फिरणारे कृषी सहायक. ज्यांच्याकडे शेतकरी रोगट पान घेऊन येतो ते कृषी सेवा केंद्रचालक. आणि स्वतः मका घेणारे, वाचणारे, प्रश्न विचारणारे शेतकरी. या सर्वांचे इथे मनापासून स्वागत आहे. पूर्वतयारी म्हणून फार काही लागत नाही. पान हातात धरून उजेडाकडे करून पाहण्याची सवय आणि मागच्या पंधरा दिवसांचे हवामान आठवण्याची सवय, एवढे पुरते. लॅटिन नावे वाटेत भेटत राहतील. ती पाठ करण्याची घाई करू नये.

महाराष्ट्रात मक्याचे महत्त्व गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढले. येवला, मालेगाव, सिल्लोड, कन्नड, भोकरदन, जळगाव, धुळे या भागांत खरिपात मैलोन्‌मैल मका उभा दिसतो. सांगली-सोलापूरकडे तो दाण्यासाठीही असतो आणि चाऱ्यासाठीही. कोंबडीखाद्य, स्टार्च, इथेनॉल आणि दुभत्या जनावरांचा मुरघास अशा चार दिशांनी त्याला मागणी आहे. पीक वाढले, पण त्याच्या रोगांवरचे मराठी लेखन मात्र बहुतेक तक्त्यांपुरते राहिले. तक्त्यात दोन रकाने असतात, एकात रोग आणि दुसऱ्यात औषध. या दोन रकान्यांच्या मधे जे घडते तो आपला विषय आहे.

आधी रोगांची ओळख करून घेऊ. सगळ्यांची नाही, ज्यांच्यामुळे विचार करण्याची पद्धत घडते त्यांची.

पानांवरच्या करप्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांतला फरक ओळखता आला की अर्धी वाट सरते. पहिला टर्सिकम करपा. इटलीतल्या पार्मा इथे पासेरिनी या शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये त्याच्या बुरशीचे वर्णन केले; आज तिला एक्सेरोहायलम टर्सिकम म्हणतात. पानावर लांबट, दोन्ही टोकांना निमुळते, राखट-हिरवे आणि पुढे वाळक्या गवताच्या रंगाचे चट्टे पडतात. एकेक चट्टा पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब होऊ शकतो. ही बुरशी पानाच्या शिरांतल्या जलवाहिन्यांमध्ये शिरते, म्हणून चट्टा एवढा लांब पसरतो. तिला थंडावा लागतो. साधारण १८ ते २७ अंश तापमान आणि पानावर बरेच तास टिकणारे दव मिळाले की ती बळावते. कर्नाटकात धारवाडच्या बाजूला, हिमालयाच्या पायथ्याशी आणि आपल्याकडे रब्बीत हाच रोग जास्त त्रास देतो. दुसरा मेडिस करपा. त्याची बुरशी बायपोलॅरिस मेडिस. तिचे चट्टे लहान असतात, फार तर दोन-अडीच सेंटिमीटर, पिवळसर तपकिरी, आणि दोन शिरांच्या मधे अडकल्यामुळे त्यांच्या कडा समांतर दिसतात. तिला ऊब आणि ओल आवडते, म्हणून ती खरिपात भेटते. दोन्ही बुरशा मागच्या पिकाच्या चिपाडांत, न कुजलेल्या पानांत तग धरतात. एकाच शेतात मक्यावर मका घेतला आणि अवशेष वरच पडून राहिले तर पुढच्या हंगामाचे बीजाणू शेतातच तयार असतात.

तांबेऱ्याचेही दोन प्रकार आहेत. नेहमीचा तांबेरा, पक्सिनिया सॉर्घी, पानाच्या दोन्ही बाजूंना विटकरी पुळ्या आणतो आणि थंड हवेत येतो. दुसरा, पक्सिनिया पॉलिसोरा, याच्या पुळ्या लहान, दाट, नारिंगी आणि बहुतेक पानाच्या वरच्या बाजूला असतात. तो उष्ण हवेचा. १९४९ मध्ये हा दुसरा तांबेरा पश्चिम आफ्रिकेत पोहोचला तेव्हा तिथल्या मक्याने त्याला कधी तोंडच दिलेले नव्हते. काही वर्षांत तो खंडभर पसरला आणि मोठे नुकसान करून गेला. अनोळखी रोगापुढे पीक किती उघडे असते याचा तो धडा होता.

केवडा हे वेगळे प्रकरण आहे. त्याला कारण होणारे जीव काटेकोर अर्थाने बुरशी नाहीतच; ते ऊमायसीट गटातले, शैवालांच्या जवळचे. भारतात मक्यावर त्यांचे अनेक प्रकार आढळतात. दक्षिणेत ज्वारीवरून येणारा केवडा, राजस्थानात गवतावरून येणारा केवडा आणि उत्तरेकडचा तपकिरी पट्ट्यांचा केवडा ही त्यांतली मुख्य नावे. तपकिरी पट्ट्यांच्या केवड्याच्या रोगकारकाचे वर्णन एम. एम. पायक आणि बी. एल. रेनफ्रो यांनी १९६७ मध्ये भारतातूनच केले. पहिल्या दोन प्रकारांत रोप पंधरा-वीस दिवसांचे असताना लागण झाली तर ते पिवळे-पांढरे पडते, पानांच्या खाली पांढरी लव दिसते आणि त्या ताटाला कणीस लागतच नाही. म्हणून या रोगात तुरा आल्यावर केलेल्या फवारणीचा काही उपयोग नाही. मेटॅलॅक्सिलसारख्या रसायनाची बीजप्रक्रिया मात्र रोपाला त्याच्या नाजूक आठवड्यांत आतून सांभाळते. रसायन आणि रोग यांची जोडी जुळवताना वेळही जुळवावी लागते, हे केवड्याइतके स्पष्टपणे दुसरा कोणताही रोग शिकवत नाही.

खालून वर चढणारा पर्णकोष करपा रायझोक्टोनिया या जमिनीत राहणाऱ्या बुरशीमुळे होतो. तो खालच्या पानांच्या देठाकडून, म्हणजे ताटाला वेढणाऱ्या पर्णकोषावरून पट्ट्यापट्ट्यांनी वर सरकतो. कणसापर्यंत पोहोचला तर कणीस कुजते. ज्या शेतात तो दरवर्षी दिसतो तिथे जमिनीलगतची दोन-तीन पाने पर्णकोषासह वेळेवर काढून टाकणे हा साधा उपाय चांगला काम करतो. त्या पानांचा दाणे भरण्यात वाटा अगदी थोडा असतो, म्हणून नुकसान होत नाही, आणि बुरशीची वर चढण्याची शिडी मोडते. मला हा उपाय फार मोलाचा वाटतो. त्यात रोगाची चाल आणि पिकाची रचना दोन्ही नीट समजून घेतलेल्या आहेत.

फुलोऱ्यानंतरची खोडकुज मात्र फवारणीच्या आवाक्याबाहेरची आहे. मॅक्रोफोमिना, फ्युजॅरियम अशा बुरशा मुळांतून, जमिनीकडून येतात आणि फुलोऱ्यात पाण्याचा ताण पडला की आतून खोड पोखरतात. ताट उभे दिसते, दाबले की पोकळ लागते आणि वाऱ्याबरोबर आडवे होते. पानांवर मारलेले औषध तिथे पोहोचत नाही. फुलोऱ्याच्या वेळचे एक पाणी आणि पुरेसे पालाश यांनी जे साधते ते इथे बुरशीनाशकाने साधत नाही.

या ज्ञानाचा भारतातला इतिहास बिहारमधल्या पुसा इथून सुरू होतो. तिथे एडविन जॉन बटलर हे शासनाचे पहिले बुरशीशास्त्रज्ञ होते. टर्सिकम करप्याची भारतातली पहिली नोंद त्यांच्या नावावर, १९०७ सालची आहे. बुरशी आणि पिकांचे रोग यांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१८ मध्ये आला. पुढचा मोठा टप्पा १९५७ चा. त्या वर्षी अखिल भारतीय समन्वित मका सुधार प्रकल्प सुरू झाला. एकाच पिकावर देशभरच्या केंद्रांनी एकाच पद्धतीने काम करण्याचा तो आपल्याकडचा पहिला प्रयत्न होता. १९६१ मध्ये गंगा १, गंगा १०१, रणजित आणि डेक्कन हे पहिले संकरित वाण बाहेर पडले. महाराष्ट्रात कोल्हापूरचे केंद्र या प्रकल्पाचा भाग आहे. या व्यवस्थेचे खरे बळ असे की रोग जिथे नेमाने येतो तिथेच वाणांची परीक्षा होते. ज्वारीच्या केवड्यासाठी मंड्या, राजस्थानी केवड्यासाठी उदयपूर, पर्णकोष करप्यासाठी पंतनगर. वाणाच्या माहितीपत्रकात ‘करप्यास प्रतिकारक्षम’ असे दोन शब्द येतात. त्यामागे अशा ठिकाणी मुद्दाम रोगट वातावरणात उभ्या केलेल्या ओळी आणि पानापानाला गुण देणारी माणसे असतात.

प्रतिकारक्षम वाण म्हणजे मक्याच्या रोगव्यवस्थापनाचा पाया. पण पायाही कसा खचतो हे १९७० च्या अमेरिकेने दाखवले. ही घटना या विषयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तपशिलात वाचावी म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

संकरित बियाणे करताना मादी ओळीचा तुरा वेळेवर खुडावा लागतो, नाहीतर ती स्वतःच्याच परागाने फळते. उन्हाळाभर हजारो हात या कामाला लागत. टेक्सासमध्ये सापडलेल्या एका पेशीद्रव्यामुळे ही मेहनत वाचली. ते ज्या ओळीत असेल तिच्या तुऱ्यात पराग तयारच होत नसे. कंपन्यांनी ते इतक्या ओळींत घातले की १९७० पर्यंत अमेरिकेतल्या सुमारे ८५ टक्के संकरित मक्यात तेच पेशीद्रव्य होते. दाण्याचा रंग, उंची, पक्वतेचा काळ यांत वाण एकमेकांहून वेगळे दिसत. आतून मात्र ते एकाच धाग्याला बांधलेले होते. मेडिस करप्याच्या बुरशीचा एक नवा प्रकार, टी वंश, याच पेशीद्रव्यावर तुटून पडला. तो एक विष सोडतो आणि ते विष या मक्याच्या पेशींतल्या सूत्रकणिकांच्या पडद्याला छिद्रे पाडते. ज्या बदलामुळे पराग थांबला होता, त्याच बदलातून तयार झालेले प्रथिन या विषाला वाट देत होते. वर्षाच्या सुरुवातीला फ्लोरिडात दिसलेला रोग उबदार, पावसाळी हवेबरोबर उत्तरेकडे सरकला आणि उन्हाळा संपेपर्यंत मक्याच्या मुख्य पट्ट्यात पोहोचला. देशाच्या एकूण पिकातले सुमारे १५ टक्के गेले. फिलिपीन्समधल्या संशोधकांनी याच पेशीद्रव्याच्या मक्यावर हा करपा जास्त येतो असे १९६१ मध्येच नोंदवले होते; तिकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

ते संकट फवाऱ्याने आटोक्यात येणारे नव्हते. उपाय बियाण्यात होता. पुढच्या एक-दोन हंगामांत साध्या पेशीद्रव्याचे बियाणे पुन्हा तयार करण्यात आले, तुरे पुन्हा हातांनी खुडले जाऊ लागले आणि रोग ओसरला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने प्रमुख पिकांच्या आनुवंशिक दुबळेपणावर अहवाल काढला, त्याचे निमित्त हेच. एखाद्या तालुक्यात नव्वद टक्के शेतांत एकच वाण दिसतो तेव्हा मला हा अहवाल आठवतो. तो वाण आज कितीही निरोगी असो, तालुक्याने सारे एकाच ठिकाणी लावलेले असते.

आता बुरशीनाशकांकडे येऊ. मक्यावर वापरली जाणारी बहुतेक रसायने तीन गटांत मांडता येतात आणि त्यांची काम करण्याची तऱ्हा समजली की नावे लक्षात ठेवणे सोपे जाते.

मॅन्कोझेब पहिल्या गटातले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बाजारात आले. ते पानात शिरत नाही, पानावर थर करून राहते आणि बीजाणू रुजताना त्याच्या पेशीतल्या अनेक क्रिया एकदम बिघडवते. ज्या पानावर पडले तेच पान सुरक्षित. नंतर फुटलेले पान उघडे, आणि जोराच्या पावसाने थरही धुऊन जातो. पण अनेक ठिकाणी एकदम घाव घालत असल्यामुळे बुरशीला त्याविरुद्ध प्रतिकार मिळवणे फार कठीण जाते. साठ वर्षांनंतरही ते टिकून आहे ते त्यामुळे.

दुसरा गट ट्रायझोलांचा : प्रोपिकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल. बुरशीच्या पेशीच्या पडद्याला एर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य लागते. ते तयार होण्यातली एक पायरी ही रसायने अडवतात. ती पानात शिरतात, पाण्याच्या प्रवाहाबरोबर पानाच्या टोकाकडे सरकतात आणि लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर तीही रोखू शकतात. पण वाळलेला चट्टा ती पुन्हा हिरवा करू शकत नाहीत. शेतकऱ्याच्या अपेक्षा आणि औषधाची ताकद यांच्यातले सगळ्यात मोठे अंतर मला इथेच दिसते.

तिसऱ्या गटाचा, म्हणजे स्ट्रॉबिल्युरिनांचा, जन्म पाइनच्या जंगलात झाला. पाइनच्या गळून पडलेल्या शंकूंवर स्ट्रॉबिल्युरस टेनासेलस नावाची लहानशी छत्री उगवते. त्या शंकूवर दुसऱ्या बुरशीला ती फारसे फिरकू देत नाही, कारण ती स्वतःच एक बुरशीनाशक बनवते. १९७७ मध्ये जर्मनीत अंके आणि श्टेग्लिख यांनी ते द्रव्य वेगळे काढले. मूळ द्रव्य उन्हात लगेच विघटित होत असे. रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलत बदलत उन्हात टिकणारी रूपे तयार केली आणि १९९६ मध्ये ॲझॉक्सिस्ट्रॉबिन बाजारात आले. ही रसायने बुरशीच्या सूत्रकणिकांमधली ऊर्जा तयार करणारी साखळी एका नेमक्या जागी तोडतात. बीजाणूला रुजायला सर्वांत जास्त ऊर्जा लागते, म्हणून लागणीच्या आधी किंवा अगदी सुरुवातीला मारल्यास त्यांचा गुण सर्वांत चांगला येतो. छत्री स्वतः त्या विषाने मरत नाही, कारण तिच्या त्या नेमक्या जागेची घडण थोडी वेगळी आहे.

तीच गोष्ट रोगाच्या बुरशीलाही जमते. १९९८ मध्ये, म्हणजे अवघ्या दोन वर्षांत, उत्तर जर्मनीत गव्हाच्या भुरीवर हे औषध चालेनासे झाले. औषध जिथे साखळी तोडते त्या सायटोक्रोम बी या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲलॅनिन आले होते. एका घटकाचा बदल आणि पूर्ण प्रतिकार. तांबेऱ्याच्या बुरशांमध्ये मात्र हा बदल आढळलेला नाही. त्यांच्या जनुकात त्याच जागेला लागून असा एक तुकडा आहे, की तिथे बदल झाला तर प्रथिनच तयार होत नाही आणि बुरशी जगत नाही. निसर्गातला एवढा बारीक तपशील एखाद्या औषधाचे आयुष्य ठरवतो, याचे मला आजही नवल वाटते. दोन गटांची मिश्रणे बाजारात का आली, एकाच हंगामात तेच तेच औषध का मारू नये, हे या उदाहरणातून आपोआप कळते. आपल्याकडे ॲझॉक्सिस्ट्रॉबिन आणि डायफेनोकोनॅझोल यांचे तयार मिश्रण मक्यासाठी नोंदलेले आहे. मात्रा सांगण्याचा मोह मी मुद्दाम टाळतो. मात्रा, पाण्याचे प्रमाण आणि काढणीपूर्वी सोडायचे दिवस डब्यावरच्या लेबलावरून वाचावेत. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली ते लेबल मंजूर झालेले असते आणि त्यावर पिकाचे नाव नसेल तर ते औषध त्या पिकासाठी नाही.

फवारायचे कधी? तुरा बाहेर पडल्यापासून केस सुटेपर्यंतचा काळ पानांच्या रोगांसाठी सर्वांत फलदायी ठरतो, हे अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या चाचण्यांतून दिसले आहे. कारण सुरुवातीलाच पाहिले : याच वेळी शेवटची पाने पूर्ण उघडलेली असतात आणि दाणा भरणे पुढे असते. खूप आधी मारलेले औषध वरच्या पानांना मिळत नाही, आणि दाणा कडक होऊ लागल्यावर मारलेले औषध वाया जाते. आधी मारण्यात आणखी एक धोका आहे. अमेरिकेत तुऱ्याच्या दोन-तीन आठवडे आधी बुरशीनाशकाबरोबर काही पसरवणारी-चिकटवणारी द्रव्ये मिसळून फवारल्यावर कणसांची वाढच खुंटल्याचे आढळले. त्या दिवसांत कणीस ताटाच्या आत आकार घेत असते, बाहेरून काही दिसत नाही. स्टिकर टाकण्याची आपल्याकडे जवळजवळ सवयच आहे, म्हणून हे लक्षात ठेवावे.

फवारायचे की नाही हे ठरवताना मी चार गोष्टी विचारतो. वाण या रोगाला बळी पडणारा आहे का? मागच्या वर्षी याच शेतात मका होता का? तुऱ्याच्या सुमारास रोग कणसाच्या खालच्या दोन-तीन पानांपर्यंत चढला आहे का? पुढच्या आठवड्यात ढग, पाऊस, दव अपेक्षित आहे का? चारही उत्तरे ‘हो’ असतील तर फवारणीचा खर्च बहुधा भरून निघतो. सगळी ‘नाही’ असतील तर पैसे खिशात ठेवावेत. मधल्या स्थितीत हिशेब करावा. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये होता. समजा औषध आणि मजुरी मिळून एकरी १२०० रुपये लागले, तर निदान अर्धा क्विंटल दाणा वाचला पाहिजे. आणि बाजारात भाव हमीभावाच्या खाली असेल तर त्याहून जास्त. बीजोत्पादनाच्या प्लॉटचा आणि स्वीट कॉर्नचा हिशेब वेगळा. तिथे मालाची किंमत जास्त असते आणि बीजोत्पादनातल्या शुद्ध ओळी मुळात नाजूक असतात. रोग नसतानाही ‘पीक हिरवेगार राहते’ म्हणून फवारा, असा सल्ला हल्ली ऐकू येतो. स्ट्रॉबिल्युरिनने पान जास्त दिवस हिरवे राहते हे खरे आहे. पण त्यातून दाण्याचे वजन दर वेळी वाढतेच असे नाही, आणि प्रतिकाराला मात्र दर वेळी एक संधी मिळते. मी हा सल्ला देत नाही.

महाराष्ट्रातल्या शेताचे काही प्रश्न परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. तुऱ्यावर आलेला मका डोक्याच्या वर असतो. पाठीवरचा पंप घेऊन त्या ओळींत शिरणाऱ्या माणसाच्या तोंडावर, मानेवर, छातीवर सगळा फवारा येतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसे दगावली. तिथे वाढलेली उंच कपाशी आणि कीटकनाशकांची मिश्रणे हे विषय पुढे आले होते. बुरशीनाशके त्या मानाने कमी विषारी असली तरी फवारणारा एका टाकीत बहुतेक वेळा दोन-तीन औषधे घालतो. २०१८ मध्ये कर्नाटकातून अमेरिकन लष्करी अळी भारतभर पसरल्यापासून मक्याच्या पोंग्यात कीटकनाशक मारणे नित्याचे झाले आणि ‘जातोच आहे तर बुरशीचेही टाकू’ ही सवय जडली. अळीची वेळ रोपाच्या पोंग्याची असते, करप्याची तुऱ्याची. दोन्ही एका टाकीत क्वचितच नीट बसतात. ड्रोनने फवारणारा माणूस ओळींबाहेर राहतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. पण एकरी दहा लिटरच्या आसपास पाण्यात औषध कणसाच्या पानापर्यंत किती उतरते, हे आपल्या वाणांवर, आपल्या अंतरांवर तपासले गेले पाहिजे.

चाऱ्याचा प्रश्न तर खास आपला. आपल्याकडे दाणा काढल्यावर ताट जनावरांपुढे जाते. मुरघासासाठी तर अख्खे पीक दाणा चिकात असतानाच कापले जाते, म्हणजे तुऱ्यानंतर काही आठवड्यांतच. तुऱ्यावर फवारलेले पीक आणि मुरघासाची कापणी यांच्यात लेबलावर सांगितलेले दिवस उरतात का, हे दुग्धव्यवसायासाठी मका घेणाऱ्याने फवारणीपूर्वी मोजले पाहिजे. उरत नसतील तर त्या शेतात प्रतिकारक्षम वाण आणि पिकाची फेरपालट यांच्यावरच भिस्त ठेवावी.

मक्याच्या बुरशीची सर्वांत भीषण आठवण शेतातली नाही, साठवणीतली आहे. १९७४ मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात अवकाळी पावसाने भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्या कणसांवर वाढलेल्या ॲस्परजिलस बुरशीने अफ्लाटॉक्सिन तयार केले होते आणि ते यकृत निकामी करते. मेलेली बहुतेक गरीब आदिवासी कुटुंबांतली होती. घरात दुसरे धान्य नव्हते. करप्यासाठी पानांवर मारलेल्या औषधाने हे टळत नाही. वेळेवर काढणी, कोरडे खळे आणि दाण्यातली ओल चौदा टक्क्यांच्या आत आणणे याने ते टळते. या विषयाच्या सीमा कुठे संपतात हे कळावे म्हणून, आणि त्या माणसांची आठवण राहावी म्हणूनही, मी हे इथे लिहितो आहे.

नव्या वाचकाला आता कामाचे सांगतो. पुढच्या हंगामात मक्यावर बुरशीनाशक मारणार असाल तर शेताच्या मधून चार ओळींचा एक पट्टा न फवारता सोडा. बांधाकडेचा नको, तिथे वारा, सावली आणि जनावरे यांमुळे पीक वेगळेच असते. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रंगीत चिंध्या बांधा. फवारणीच्या दिवशी, तीन आठवड्यांनी आणि काढणीच्या आधी दोन्हीकडची दहा-दहा ताटे पाहून कणसाजवळच्या पानाचा किती भाग करपला आहे ते वहीत लिहा. काढणीला फवारलेल्या चार ओळी आणि न फवारलेल्या चार ओळी सारख्याच लांबीच्या मोजून वेगळ्या काढा, दाणा वाळवून त्याच वजनकाट्यावर तोला, आणि शेजारी औषधाचे नाव, तारीख, वाणाचे नाव आणि त्या पंधरवड्यात किती दिवस पाऊस झाला ते लिहा. एका गावातल्या पाच-सहा जणांनी दोन-तीन वर्षे अशा वह्या ठेवल्या आणि त्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवल्या, तर त्या गावाला कोणत्या वाणावर, कोणत्या हवेत फवारणी परवडते याचे उत्तर स्वतःच्या शेतातून मिळेल.